अंकांशी खेळणारे देवळालीचे मास्तर



पालक-सभेत आम्हाला हल्ली एक प्रश्न नेहमी विचारला जातो. मुलाची बुद्धी तल्लख व्हावी म्हणून कोणता क्लास लावावा, मोबाईलवरचा कोणता खेळ द्यावा? अशा खेळांच्या सरावाने मूल त्या खेळात तरबेज होते हे खरे. पण त्यामुळे सगळ्याच विषयांत बुद्धी वाढते, या दाव्याला अजून भक्कम आधार मिळालेला नाही. म्हणून या अंकात आम्ही अशा एका शिक्षकाची ओळख करून देत आहोत, जे जन्मभर अंकांचे खेळ खेळले आणि ज्यांना त्यासाठी कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागले नाही.

त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना आई वारली आणि पुढे वडिलांनीच त्यांना वाढवले. कुंडली मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, त्यामुळे घरात आकड्यांचा वावर होता. ठाण्याच्या शाळेत असताना ते गणिताची कोडी सोडवण्यात तासन्‌तास रमत. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. तेथे १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती लेखनासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढचे उच्च शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिकवत राहिले.

दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळात आकडे, असा त्यांचा क्रम. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४६ सालचा आहे. तो आपल्या पाचवीच्या मुलालाही समजेल. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. शून्य आले तर त्याची जागा सोडायची नाही. असे करत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण ६१७४ या संख्येवर पोहोचतो आणि तेथून पुढे हलता येत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च येतात.

आम्ही कापरेकरांचेच जन्मवर्ष घेऊन पाहिले. १९०५ चे अंक मांडून ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. बरोबर सात पायऱ्या, एकही कमी नाही!

त्यांनी आणखीही बरेच शोधले. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. काही संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले. १५ मध्ये तिचे अंक १ आणि ५ मिळवले की २१ येतात, म्हणजे २१ ला जन्म देणारी संख्या आहे. पण २० ला अशी कोणतीच संख्या जन्म देत नाही, म्हणून २० स्वयंभू. १२१, १२३२१ अशा डौलदार संख्यांना त्यांनी डेमलो संख्या असे नाव दिले. हे एका रेल्वे स्टेशनचे त्या काळचे नाव. तेथे त्यांना ही कल्पना सुचली होती. तेच आजचे डोंबिवली.

हे सगळे वाचून वाटेल की त्यांचा केवढा मान झाला असेल. तसे झाले नाही. आपल्या देशातील अनेक गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटे आणि काही जण हसतही. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळेना, तेव्हा त्यांनी लहान पुस्तिका स्वतःच छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या केल्या. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. तरी अंकांचा नाद सुटला नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

आता आमची एक चूक सांगतो. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. पाढ्यांना आम्ही पहाडे म्हणत असू आणि ते पाठ असले की गणित आले, अशीच आमची समजूत होती. पुष्कळ वर्षांपूर्वी एक मुलगा वहीच्या मागच्या पानांवर भलतेच आकडे मांडत बसलेला आम्हाला दिसला. अभ्यासक्रमात नसलेले काही लिहितो म्हणून आम्ही त्या पानांवर लाल रेघ मारली आणि त्याच्या वडिलांना बोलावले. तो काय शोधत होता, हे मात्र विचारले नाही. कापरेकरांचे चरित्र वाचताना ते पान पुन्हा डोळ्यांसमोर आले. ज्यांना लोक हसले त्यांची बाजू घेणे आज सोपे आहे. त्या दिवशी हसणाऱ्यांच्या रांगेत आम्हीही उभे होतो.

म्हणून शिक्षकांशी बोलून आम्ही ठरवले आहे की यापुढे गणिताच्या वहीची शेवटची चार पाने मुलाची. तेथे तपासणी नाही, गुण नाहीत, लाल रेघही नाही. विश्वस्त मंडळाला यासाठी एक रुपयाही मंजूर करावा लागणार नाही. पालकांना एवढीच विनंती, की रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटे मुलाजवळ बसा आणि त्याला आपले जन्मवर्ष घेऊन ६१७४ पर्यंत जाऊ द्या. वजाबाकी चुकली तर लगेच सांगू नका, त्याची त्याला सापडू द्या.

आणि मुलांनो, तीन अंकी संख्यांचेही असेच एक घर आहे. ते कोणते, हे आम्ही येथे सांगणार नाही. ज्याला सापडेल त्याने प्राचार्यांच्या खोलीत यावे. येताना मागची पाने बरोबर आणावीत. या वेळी आम्ही आधी विचारू, मग पाहू.