हवेवर धावणारे चाक

मोटारसायकल कितीही वेगवान असो, तिच्या प्रत्येक चाकाचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. वळणावर तोल सांभाळणे, ओल्या रस्त्यावर न घसरणे, खाचखळग्यांचे हिसके सोसणे, ही सारी कामे तेवढ्याशा रबराला आणि आत कोंडलेल्या हवेला करावी लागतात. ही हवा कामाला लावणारे जॉन बॉइड डनलॉप हे यंत्रज्ञ नव्हते. ते गुराघोड्यांचे वैद्य होते.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न ह्या गावी झाला. एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर ते १८६७ साली आयर्लंडमध्ये गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांच्या व्यवसायाचा उत्तम जम बसला.

त्या काळी गाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव किंवा भरीव रबराचा पट्टा असे. डनलॉप यांचा मुलगा जॉनी आपली तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावरून चालवी, तेव्हा त्याचे अंग खिळखिळे होई. मुलाचे हे हाल पित्याला पाहवेनात.

१८८७ साली त्यांनी पातळ रबराची नळी तयार केली, ती एका लाकडी चकतीभोवती कापडाने घट्ट बसविली आणि फुटबॉलच्या पंपाने तीत हवा भरली. मग ही चकती आणि सायकलचे भरीव रबराचे चाक त्यांनी अंगणात घरंगळत सोडले. भरीव चाक वाटेतच कलंडले. हवेची चकती मात्र अंगण ओलांडून पलीकडे जाऊन आदळली! ह्याचे कारण सोपे आहे. भरीव चाकाला प्रत्येक खड्यावर चढावे लागते. हवेचे चाक खड्यापुरते दबते आणि पुन्हा पूर्ववत होते. त्यामुळे हिसका कमी बसतो आणि गतीही फारशी वाया जात नाही.

१८८८ साली डनलॉप यांना ह्या शोधाचे पेटंट मिळाले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्ट येथे सायकलींच्या शर्यती झाल्या. विली ह्यूम ह्या स्पर्धकाने आपल्या सायकलला हे नवे, जाडजूड टायर लावले होते. त्याने शर्यती जिंकल्या आणि टायरची कीर्ती झपाट्याने पसरली. त्याच वर्षी डब्लिनमध्ये टायर बनविणारी कंपनी निघाली.

परंतु लवकरच एक कटू सत्य पुढे आले. रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच अशा चाकाचे पेटंट घेतले होते. त्याने लंडनच्या एका उद्यानात आपली चाके गाडीला लावून दाखविलीही होती. तेव्हा आजच्यासारख्या सायकली नव्हत्या. म्हणून त्याची कल्पना विस्मृतीत गेली. डनलॉप यांना तिची वार्ताही नव्हती. तरीही त्यांचे पेटंट रद्द ठरले. १८९५ च्या सुमारास ते कंपनीतून बाहेर पडले. टायरच्या धंद्यात पुढे अमाप पैसा झाला. त्यातील फारसा वाटा डनलॉप यांना लाभला नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. तोवर सायकली, मोटारसायकली आणि मोटारी हवेच्या चाकांवर धावू लागल्या होत्या.

हवेचे चाक प्रथम सुचण्याचा मान थॉमसनचा आहे. तो त्याला दिलाच पाहिजे. मात्र ते सामान्य माणसाच्या सायकलपर्यंत पोहोचले ते डनलॉप यांच्यामुळे. आपल्या मुलाचे कष्ट हलके करावेत, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. त्या हेतूने कोट्यवधी प्रवाशांची वाट सुखाची झाली.