लांडग्याची बाजू घेणारा संत



असिसीकर संत फ्रान्सिस हे कापड व्यापाऱ्याचे पुत्र (सोलापूरकरांना हे घर ओळखीचे वाटेल!). ऐन तारुण्यात त्यांनी अंगावरची वस्त्रेसुद्धा वडिलांना परत करून गरिबी पत्करली. १२२६ साली ते प्रभुवासी झाले.

पक्ष्यांना त्यांनी केलेला उपदेश सर्वांना ठाऊक आहे. मला गुब्बियोच्या लांडग्याची आख्यायिका अधिक मोलाची वाटते. हा लांडगा माणसे व जनावरे मारी. फ्रान्सिस त्याला गावकऱ्यांसमोर घेऊन आले, तो भुकेपायी असे करतो हे सांगितले आणि करार घडवला. गावाने त्याला रोज खाऊ घालावे, त्याने कोणाला इजा करू नये. लांडग्याने पंजा त्यांच्या हातात ठेवला. म्हणजे मुका प्राणीही करारातला एक पक्ष ठरला.

१९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केले. त्याच वर्षी आपल्याकडे नान्नजचे माळढोक अभयारण्य झाले. त्या माळावर लांडगेही आहेत. कायद्याचे संरक्षण त्यांना आहे, पण कोर्टात स्वतःच्या नावाने उभे राहता येत नाही. शेळी गेली तर शासन भरपाई देते, तरी पहिली झळ धनगरालाच बसते. गुब्बियोत तो भार साऱ्या गावाने उचलला होता. लांडगा दोन वर्षे घरोघरी जेवला, म्हातारा होऊन मेला, आणि गाव हळहळले.