वैमानिक श्रीकृष्ण वेलिंगकर

पहिल्या महायुद्धांत इंग्रजांच्या हवाई दलांत लढाऊ विमान चालविणारे हिंदी तरुण बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्यांपैकीं एक मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर होत. त्यांचें चरित्र लहान आहे, परंतु विसरण्याजोगें नाहीं.

वेलिंगकर ह्यांचा जन्म १८९४ सालीं मुंबईस झाला. पुढें ते विलायतेस जाऊन केंब्रिज येथील जीझस कॉलेजांत शिकले. युद्ध पेटल्यावर वैमानिक होण्याचें त्यांनीं मनांत घेतलें. परंतु त्या काळीं लढाऊ सैन्यांत गोऱ्यांच्या बरोबरीचा हुद्दा हिंदी माणसास मिळणें फार दुर्घट होतें. तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं, व अखेरीस ते अधिकारी होऊन फ्रान्सच्या रणभूमीवर गेले.

तेथें २३ व्या स्क्वाड्रनमध्यें ते डॉल्फिन जातीचें विमान चालवीत. त्यांत एकच माणूस बसे. उडविणाराही तोच व तोफ डागणाराही तोच. इंग्रज दलांतील ह्या वैमानिकांस पॅराशूट दिलेलें नसे. विमान बिघडलें किंवा पेटलें, तर त्यासह खालीं येणें एवढेंच हातीं उरे.

ता. २७ जून १९१८ रोजीं वेलिंगकर गस्तीवर गेले ते परतले नाहींत. जखमी स्थितींत ते जर्मनांच्या हातीं सांपडले, आणि तीनच दिवसांनीं, ता. ३० जून रोजीं, बंदिवासांत मरण पावले. शत्रूनें त्यांस पुरलें खरें, पण परकें नांव नीट लिहितां न आल्यामुळें कबरीचा पत्ता लागण्यास युद्ध संपावें लागलें. आज ती फ्रान्समध्यें हांगार येथील लष्करी स्मशानभूमींत आहे. साम्राज्याच्या परम शूर पुत्रांत तिच्यावरील लेख त्यांची गणना करितो.

त्यांचे सोबती इंद्रलाल रॉय ह्यांनीं त्याच वर्षीं जुलै महिन्यांत दहा विमानें पाडिलीं. ते २२ जुलै रोजीं पडले व मरणोत्तर त्यांस डी. एफ. सी. हें पदक मिळालें. एरल सेन हे १९१७ सालीं कैद झाले, परंतु युद्धानंतर सुखरूप सुटले. वेलिंगकरांच्या वांट्यास पदकही आलें नाहीं व परतीची वाटही आली नाहीं. तथापि, वाचकहो, तिघांनीं पत्करलेला धोका एकच होता. पदक हें पाहणाऱ्यांच्या साक्षीवर मिळतें. ज्याचा शेवट परक्यांमध्यें झाला, त्याच्या धैर्यास साक्षीदार कोठून मिळावा? म्हणून त्याचें नांव शुद्ध लिहून जतन करणें, हें मागें राहिलेल्यांचें काम आहे.