दरबारातली माउली

पैठणहून नाथांची पालखी आषाढी वारीसाठी पंढरीकडे निघते, तेव्हा वारकरी विठ्ठलाला पंढरीचा राणा म्हणतात आणि त्याच तोंडाने माउलीही म्हणतात. यात काही विसंगती आहे असे त्यांना वाटत नाही. मराठी चर्चमध्ये रविवारी म्हटल्या जाणाऱ्या भजनांतही हाच सूर लागतो. त्यांतली पुष्कळ भजने रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत.

ख्रिस्ती धर्मात देव राजाही आहे आणि पिताही. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना पित्याला हाक मारून सुरू होते आणि लगेच त्याचे राज्य यावे अशी विनवणी करते. म्हणायला हे सोपे आहे. पण राजासमोर माणूस हात जोडून दूर उभा राहतो आणि बापाच्या कुशीत शिरतो. एकाच देवापाशी ही दोन्ही नाती कशी जुळायची? टिळकांपुढे हा प्रश्न घरातूनच आला होता.

त्यांचा जन्म १८६१ साली कोकणात, करजगावी झाला. वडील वामनराव तापट होते. घरात त्यांचा धाक असे. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची ओढ असलेली. आई गेली आणि मुलाने लहान वयातच घर सोडले, नाशिक गाठले, संस्कृत शिकले. त्याला घरात राजा भेटला होता. बाप भेटायचा राहिला होता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचे प्रवचन वाचून ते हलले. पापपुण्याचा हिशेब मांडणाऱ्या धन्यापेक्षा वाट पाहणारा बाप त्यांना त्यात दिसला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण ख्रिस्त स्वीकारताना त्यांनी तुकोबांना सोडले नाही. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. म्हणून त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. परक्या चालींवर म्हटल्या जाणाऱ्या मराठी भजनांना त्यांनी अभंगाची आणि कीर्तनाची वाट दाखवली.

या माणसाचे मोठेपण सांगताना त्याची उणीव लपवू नये. प्रेमळ पित्याची गाणी लिहिणारे टिळक स्वतः शीघ्रकोपी होते. धर्मांतराचा निर्णय त्यांनी पत्नीला विश्वासात न घेता केला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा विरह आला. अखेर त्या परत आल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी नवऱ्याचा राग आणि त्याची माया, दोन्ही हातचे न राखता सांगितले आहे. वडिलांचा ताप मुलात उतरला होता. तो जिरवायला त्याला जन्मभर देव लागला, असे मला वाटते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास नवी मंडळी जमवायला घेतली. नाव ठेवले 'देवाचा दरबार'. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. दरबार म्हटला की चोपदार आले, मुजरा आला, दाराशी अडवणूक आली. इथे सिंहासन होते, पण दाराला कडी नव्हती. राजाच बाप असेल, तर लेकराने वर्दी देऊन आत का यावे? लहानपणी ज्याला घरातून निघावे लागले, त्याने शेवटी कुणालाच परके न मानणारे घर बांधू पाहिले.

ते घर पुरते उभे राहिले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले. त्याचे उरलेले बहुतेक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या पत्नीने. १९३८ साली ग्रंथ निघाला, तेव्हा त्याही हयात नव्हत्या.

राजाची आणि पित्याची ती कथा, ज्या बाईला एकदा न विचारता मागे ठेवले होते, तिनेच तडीस नेली.