मांडवीचे डॉक्टर

मुंबईच्या मांडवी भागात, बंदराला लागून, धान्याची कोठारे आणि माणसांनी खच्चून भरलेल्या चाळी शेजारी शेजारी उभ्या होत्या. १८९६ च्या सप्टेंबरात तेथे ताप भरून, अंगावर गाठी उठून माणसे पटापट मरू लागली. हा साधा ताप नव्हे, हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असे निदान त्या महिन्याच्या २३ तारखेस केले ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. १८५६ साली आमच्या बार्देशातील हडफडे गावी जन्मलेल्या या गोमंतकीयाचे नाव गाजले ते मुंबईच्या मांडवीत, हाही एक योगच.

बंदराचा व्यापार ज्या एका शब्दाने बसतो तो शब्द उच्चारण्यास धैर्य लागते. तज्ज्ञांनी निदानावर शिक्कामोर्तब केले. परंतु खरे संकट पुढेच होते. सरकारने रोगाशी लढा मांडला तो पोलिसी थाटात. रोग्यांना घरातून उचलून नेणे, घरांची झडती, स्त्रियांची तपासणी! इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता पसरली आणि त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर चाल केली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. लोक अडाणी होते, असे म्हणून हे प्रकरण मिटवता येणार नाही. काल ज्या हाताने दंडुका उगारला, त्याच हातातील औषधावर आज विश्वास कोण ठेवणार?

डॉ. व्हिएगस यांचा मार्ग निराळा होता. उंदरांचा नायनाट आणि गलिच्छ वस्त्यांची सफाई यांसाठी त्यांनी आवाज उठवला. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ती टोचल्यावर ताप येई, म्हणून लोक बिचकत. अशा काळात डॉ. व्हिएगस यांनी स्वतः सुमारे १८,००० माणसांना ती टोचली. एवढे दंड पुढे आले ते हुकमाने नव्हे, ओळखीच्या डॉक्टरावरील भरवशाने, असेच आम्हांस वाटते.

१९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ साली ते निवर्तले. धोबीतलावावर मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा उभा आहे.