डोंगर बांधणारा हागेनबेक

‘प्लॅनेट झू’ खेळणाऱ्यांच्या गप्पा रंगल्या की एक मागणी निघतेच. डोंगरातल्या प्राण्यांचा एक दणदणीत पॅक हवा! हिमालयातला मारखोर, आल्प्समधला आयबेक्स, आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला राहणारा नीलगिरी ताहर. सोबत उंच कडे, कपारी, बर्फ. मग आपण टेरेन टूल घेऊन डोंगर उचलायचा, पायथ्याशी खंदक खणायचा आणि जाळी काढून टाकायची. समोरून बघणाऱ्याला प्राणी अगदी मोकळा वाटला पाहिजे.

ही आयडिया कुठल्याही गेम डिझायनरची नाही. ती सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन मासेविक्याच्या मुलाने पेटंट करून ठेवली होती. त्याचं नाव कार्ल हागेनबेक. त्याची गोष्ट माहीत असेल तर गेममध्ये डोंगर बांधताना हात जरा थबकतो.

सहा सील आणि एक टब

कार्लचा जन्म १० जून १८४४ चा, हॅम्बुर्गमधला. वडिलांचा सेंट पाउली भागात मासळीचा धंदा होता. १८४८ मध्ये त्यांच्यासाठी मासे पकडणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात सहा सील अडकले. वडिलांनी ते लाकडी टबांत ठेवले आणि बघायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. लोकांनी गर्दी केली. मासळीपेक्षा हे बरं, हे वडिलांच्या लक्षात आलं आणि हळूहळू घरात प्राण्यांची खरेदी-विक्री सुरू झाली.

१८६६ मध्ये हा धंदा कार्लच्या हातात आला. तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्याच वयाचा. पुढच्या काही वर्षांत तो जगातला सर्वात मोठा प्राणी-व्यापारी झाला. १८७० मध्ये सुदानकडून आलेला प्राण्यांचा प्रचंड तांडा ताब्यात घ्यायला तो स्वतः सुएझला गेला. हत्ती, जिराफ, सिंह, शहामृग असा सगळा लवाजमा जहाजाने आणि रेल्वेने युरोपात आला. युरोपातली प्राणिसंग्रहालयं आणि अमेरिकेतला सर्कसवाला बार्नम हे त्याचे गिऱ्हाईक होते.

गेममध्ये मार्केट उघडून आपण एका क्लिकवर प्राणी घेतो, पण हागेनबेकच्या काळात त्या क्लिकमागे बंदुका होत्या. पिल्लं पकडायची तर आधी मोठे प्राणी मारले जायचे आणि पकडलेल्यांतले कितीतरी वाटेतच मरायचे. १९०१ मध्ये मंगोलियाकडून प्रेझवाल्स्की जातीच्या रानघोड्यांची २८ शिंगरं हॅम्बुर्गला पोचली, ती हागेनबेकनेच पाठवलेल्या मोहिमेची कमाई होती. हाच घोडा २०२२ साली ‘प्लॅनेट झू’च्या कॉन्झर्व्हेशन पॅकमध्ये आला.

माणसांचाही शो

१८७० च्या दशकाच्या मध्यावर प्राण्यांचा धंदा जरा थंडावला होता. तेव्हा हागेनबेकच्या चित्रकार मित्राने, हाइनरिक लॉयटेमानने, एक कल्पना सुचवली. रेनडिअर आणायचेच आहेत, तर सोबत उत्तर युरोपातलं एखादं सामी कुटुंबही आणू. ते कुटुंब तंबू ठोकायचं, रेनडिअरचं दूध काढायचं, लेकराला पाजायचं आणि लोक तिकीट काढून बघायचे. शो हिट झाला. मग सुदानचे, ग्रीनलंडचे, श्रीलंकेचे लोक आले आणि ही प्रदर्शनं युरोपभर फिरली.

१८८० मध्ये कॅनडाच्या लॅब्राडॉर किनाऱ्यावरून आठ इनुइट माणसं आणली गेली. त्यांत अब्राहम उलरिकाब नावाचा लिहिता-वाचता येणारा, व्हायोलिन वाजवणारा तरुण होता. बायको आणि दोन छोट्या मुली त्याच्यासोबत होत्या. या आठ जणांना देवीची लस वेळेवर टोचलीच गेली नाही. डिसेंबरमध्ये पहिला मृत्यू झाला. जानेवारी १८८१ संपेपर्यंत आठही जण गेले होते. अब्राहमने आपल्या भाषेत डायरी लिहिली होती, म्हणून आज या प्रवासाची त्याची बाजू आपल्याला कळते. हागेनबेकला या मृत्यूंचा धक्का बसला असं म्हणतात, पण प्रदर्शनं थांबली नाहीत. त्याच वर्षी पुढचा गट आला.

हा भाग गाळून नुसतं ‘आधुनिक झूचा जनक’ म्हणणं सोपं आहे, पण तो गाळला तर त्याचा डोंगरही नीट समजत नाही. हागेनबेककडे जबरदस्त नजर होती आणि ती कायम प्रेक्षकाच्या बाजूने बघायची. समोर उभ्या असलेल्याला काय दिसलं पाहिजे, हे त्याला नेमकं कळायचं. जे दिसतंय त्याला काय वाटतंय, हा प्रश्न त्याने सोयीपुरताच विचारला.

खंदकाची जादू

सोयीपुरता का होईना, तो प्रश्न विचारल्याने काही गोष्टी बदलल्या हेही खरं. त्या काळी सर्कशीत सिंहांना चाबकाने आणि तापलेल्या सळ्यांनी वठणीवर आणायचे. हागेनबेकने खाऊ देऊन, सवय लावून शिकवण्याची पद्धत आणली. उष्ण प्रदेशातले प्राणी बंद, गरम खोल्यांत कोंडायची गरज नाही, सवय झाली की ते थंडीतही मोकळ्या हवेत राहतात, हेही त्याने करून दाखवलं.

मग त्याने पिंजऱ्याच्या गजांनाच हात घातला. प्राणी किती उंच आणि किती लांब उडी मारतो हे कळलं, तर गजांची गरजच काय? तेवढा रुंद खंदक पुरेल. त्याने पेंढा भरलेलं कबूतर उंच टांगलं आणि वाघ-सिंह-बिबट्यांना त्यावर झेप घ्यायला लावून त्यांच्या उड्या मोजल्या. १८९६ मध्ये त्याने या मांडणीचं पेटंट घेतलं.

७ मे १९०७ रोजी हॅम्बुर्गजवळच्या श्टेलिंगेनमध्ये त्याचं नवं प्राणिसंग्रहालय उघडलं. समोर पाणपक्ष्यांचं तळं, त्यामागे चरणारे प्राणी, त्यामागे सिंहांची घळ आणि सगळ्यात मागे उंच डोंगर. त्या डोंगरावर रानबकऱ्या आणि रानमेंढ्या उभ्या. मधले खंदक अशा कोनात लपवलेले की बघणाऱ्याला वाटावं, सिंह आणि त्याची शिकार एकाच माळावर आहेत. डोंगर अर्थातच खोटा होता. उर्स एगेनश्वायलर या स्विस शिल्पकाराने तो सांगाडा आणि सिमेंट वापरून घडवला होता. गेममध्ये आपण एकेक खडक चिकटवत जातो, जवळपास तसाच.

अनेक प्राणिसंग्रहालयवाल्यांना हा प्रकार उथळ वाटला, पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. १९१४ मध्ये लंडनच्या झूमध्ये मॅपिन टेरेसेस हे कृत्रिम डोंगर उभे राहिले. १९३४ मध्ये पॅरिसच्या व्हँसेन झूमध्ये तब्बल ६५ मीटर उंच खडक बांधला गेला. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाचा आराखडा ठरत होता तेव्हा, १९५६ मध्ये, हागेनबेक घराण्याच्या पुढच्या पिढीतल्या कार्ल-हाइनरिकला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. त्यानेही गजांऐवजी खंदकच सुचवले.

स्वतः कार्ल हागेनबेक १४ एप्रिल १९१३ रोजी वारला. त्याचा डोंगर श्टेलिंगेनमध्ये आजही आहे.

दुसरा डोंगर

गज गेले तरी बंदिवास गेला नव्हता. फक्त तो बघणाऱ्याला दिसेनासा झाला. गेममधला आपला सुंदर डोंगरही नेमका इथेच फसू शकतो. स्क्रीनशॉट भारी येतो, पण प्राण्याला गर्दीच्या नजरेआड व्हायला जागाच नसते आणि त्याचा स्ट्रेस वाढत जातो. निदान गेम तो स्ट्रेस आकड्यात दाखवतो. हागेनबेकच्या डोंगरावर तशी काही सोय नव्हती.

म्हणून डोंगराचा पॅक खरंच आला, तर त्यात आधी मागच्या बाजूच्या कपारी हव्यात. पाहुण्यांना न दिसणाऱ्या, फक्त प्राण्यासाठी असलेल्या. चढाईला नुसती उंची नको, खुराला पकड मिळेल असे अरुंद कंगोरे हवेत. आणि प्राणी बाजारातून आला, तर तो कुठून आला हेही दिसायला हवं.

शेवटची आयडिया हागेनबेकच्या शिल्पकाराकडून घेता येईल. एगेनश्वायलरने स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलनच्या पीटर अँड पॉल वन्यपशू उद्यानातही असाच एक खोटा खडक बांधला. तोवर स्वित्झर्लंडमधले आयबेक्स शिकारीमुळे नामशेष झाले होते आणि इटलीत राजाच्या राखीव जंगलात थोडेसे उरले होते. राजा ते विकायला तयार नव्हता. १९०६ मध्ये तिथून चोरून आणलेली पिल्लं या उद्यानात वाढवली गेली आणि १९११ मध्ये त्यांच्या वंशातले काही आयबेक्स खऱ्या आल्प्समध्ये सोडले गेले. आज स्वित्झर्लंडच्या डोंगरांत हजारो आयबेक्स आहेत.

हागेनबेकच्या व्यापारातून आलेल्या रानघोड्यांचंही काहीसं असंच झालं. जंगलातून ते पूर्ण संपले. पकडलेल्यांच्या मोजक्या वंशजांतून जात टिकली आणि १९९२ पासून ते पुन्हा मंगोलियात सोडले जाऊ लागले. त्यासाठी किती घोडे मेले, हा हिशेब मात्र त्या २८ शिंगरांच्या बाजूलाच लिहून ठेवावा लागतो.

‘प्लॅनेट झू’मध्येही प्राणी जंगलात सोडायचं बटण आहे. बरेच जण ते जागा कमी पडली की दाबतात. डोंगराच्या पॅकमध्ये मात्र तेच बटण सगळ्यात वर, शिखरावर असावं. कळप वाढवा, पिल्लं जगवा आणि मग बांधलेला डोंगर रिकामा होताना बघा. जिंकणं म्हणजे ते.