कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

ज्यांच्या हातांत कसब असते त्यांचे नाव बहुधा त्यांनी घडविलेल्या वस्तूबरोबरच टिकते, आणि वस्तू नाहीशी झाली की नावही लोक विसरतात. देवळाचा सभामंडप कोरणाऱ्याचे किंवा देव्हारा घडविणाऱ्याचे नाव आज कोणास ठाऊक आहे? म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत ज्ञातिबंधुभगिनींसमोर, विशेषतः आपल्या मुलामुलींसमोर, करवीर नगरीतील एका थोर कलावंताचे चरित्र आम्ही यथामति मांडीत आहोत.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापूर येथे दि. ३ जून १८९० रोजी झाला. मेस्त्री हे आडनावच घराण्याचा व्यवसाय सांगते. घरात हत्यारे होती, कारागिरीची परंपरा होती. शालेय शिक्षण मात्र बेताचेच झाले. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. रेखन, रंगकाम आणि मूर्तिकाम हे सारे त्यांनी पाहून, करून आणि पुन्हा पुन्हा करून आत्मसात केले. त्या काळचे कोल्हापूर अशा जिज्ञासू मुलास अनुकूल होते. राजर्षी शाहू छत्रपतींचा कलावंतांस उदार आश्रय होता, आणि आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार त्याच नगरीत चित्रे काढीत होता.

बाबूरावांचे नात्यातील बंधू आनंदराव हेही तितकेच गुणी होते. या दोघांनी नाटकांचे पडदे रंगविण्याचे काम हाती घेतले. तो संगीत रंगभूमीचा वैभवाचा काळ होता. रस्ता, राजवाडा, उपवन, अरण्य असे निरनिराळे पडदे प्रत्येक मंडळीस लागत, आणि पडदा वर जाताच प्रेक्षकांनी टाळी द्यावी अशी चालकांची अपेक्षा असे. हे काम दिसते तितके सोपे नव्हे. कापड सपाट असते, परंतु पाहणाऱ्यास महालाची खोली भासली पाहिजे. जवळून पाहिले तर नुसते रंगाचे फराटे, आणि दूरच्या बाकावरून पाहिले तर संगमरवरी खांब, असा तो चमत्कार असतो. बत्तीच्या उजेडात कोणता रंग उठेल आणि कोणता मरेल, हेही चित्रकारास आधीच ओळखावे लागते. साधारणतः १९१० ते १९१६ या काळात मराठी संगीत नाटक मंडळ्यांसाठी, तसेच गुजराती व पारशी रंगभूमीसाठी, या बंधूंनी जे पडदे रंगविले त्यांमुळे पश्चिम भारतात त्यांची कीर्ती झाली. पेंटर हे धंद्याचे नावच पुढे त्यांचे आडनाव होऊन बसले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशात आला, आणि या दोघा बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. मुंबईस जाऊन त्यांनी जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र खरेदी केले व चित्रपटांचे खेळ करू लागले. परंतु दुसऱ्याचे चित्र दाखविण्यात त्यांचे समाधान नव्हते. स्वतःचे चित्र घ्यावयाचे तर कॅमेरा हवा. तेव्हा तो आपणच घडवावा, असे या कारागिरांनी ठरविले. त्या यंत्रात फिल्म सेकंदास सुमारे सोळा वेळा पुढे सरकली पाहिजे, आणि प्रत्येक वेळी भिंगामागे क्षणमात्र निश्चल उभी राहिली पाहिजे. केसभर चूक झाली तरी चित्र थरथरते. हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. ज्याने बरोबरीने स्वप्न पाहिले तोच बंधू गेला. दुसरा कोणी असता तर तो अर्धवट सांगाडा अडगळीत पडला असता. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या कुशल सहकाऱ्यास हाताशी धरून तो कॅमेरा १९१८ साली पूर्ण केला. आमच्या मते बाबूरावांच्या साऱ्या चरित्रात याहून मोठा प्रसंग नाही.

याच सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. एका स्त्री-कलावंताचे हे औदार्य कृतज्ञतेने नमूद केलेच पाहिजे. कंपनीचे पहिले चित्र ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्यास आर्यन चित्रपटगृहात लागले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. लोकनिंदेच्या भयाने कुलीन म्हणविणारी घरे ज्या कामापासून दूर राहत, ते गुलाबबाई व अनसूयाबाई यांनी धैर्याने स्वीकारले. कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला की सरकारने तो कापावयास लाविला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

येथे एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आणून द्यावीशी वाटते. पडद्यांच्या रंगकामावर ज्यांची कीर्ती उभी होती, त्यांनीच चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार केला. कॅमेऱ्याच्या डोळ्यास कापडावरचा खांब कापडच दिसतो, हे त्यांनी ओळखले. आणि प्रत्यक्ष भिंती, कमानी व दालने उभारून माणसे राहतात तशी स्थळे निर्माण केली. प्रसंग घेण्यापूर्वी पात्रांची वेशभूषा, हालचाल व ठेवण यांची रेखाचित्रे ते स्वतः काढीत. ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रात रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. चित्रपटाची माहिती देणाऱ्या पुस्तिका त्यांनी छापविल्या, भित्तिपत्रके स्वहस्ते रंगविली. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्राचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय भित्तिपत्रकांत गणले जाते.

१९२५ साली त्यांनी नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावून गिरणीच्या आश्रयास जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी होय. त्यातील तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. देवादिकांची व राजेरजवाड्यांची चित्रे पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांनी तिचे फारसे स्वागत केले नाही; परंतु जाणकारांनी पुढे तिला भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानिले.

बाबूरावांच्या कंपनीत केवळ चित्रेच नव्हे, माणसेही घडली. दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर ही मंडळी १९२९ साली बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. हाताशी आलेली माणसे एकदम गेल्याने जुनी कंपनी खचली व लवकरच बंद पडली. गुरूच्या जिवास ते किती लागले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. परंतु दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ या चित्राचा १९३७ साली व्हेनिस येथे सन्मान झाला, तेव्हा त्या यशाचे मूळ कोल्हापूरच्या त्या जुन्या कार्यशाळेत होते, हे विसरून चालणार नाही.

बोलपटांच्या काळात बाबूरावांनी ‘उषा’ (१९३५) व ‘प्रतिभा’ (१९३७) यांसारखे थोडे बोलपट दिग्दर्शित केले आणि ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलका करून काढला. उत्तरायुष्यात त्यांचे मन पुन्हा कुंचल्याकडे व मूर्तिकामाकडे वळले. दि. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

नाटकाचे पडदे विरून जातात, आणि त्या काळची फिल्मही अल्पायुषी होती. बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. कृती गेल्यावर निदान कर्त्याचे नाव राहावे, हे काम लेखणीचे आहे. आम्ही उभा जन्म शाळेत घालविला. पाटीवर हिशेबाऐवजी घोडा काढणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा घालणारे शिक्षक आम्ही पुष्कळ पाहिले, आणि तसेच पालकही पाहिले. शिक्षण हवेच; परंतु मुलाच्या हातात कसब दिसले तर ते हीन समजून दडपू नये. आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्या कारागिरांची नावे, गावे व कामे प्रत्येक घराने एका वहीत लिहून ठेवावीत, एवढीच या निमित्ताने आमची नम्र विनंती आहे.